कुडूच्या मुलखातली बक्की

नामिबियातल्या शिकारी शेतावर गाडीचं खरं काम बार उडाल्यानंतर सुरू होतं. जून-जुलैचे दिवस, म्हणजे तिकडचा हिवाळा. समजा, दुपारी चारच्या सुमाराला काटेरी झुडपांत कुडू या मोठ्या हरणाचा नर पडला आहे. वजन अदमासे 240 किलो. शेतघर अठरा किलोमीटरवर, आणि त्यातल्या पहिल्या चार किलोमीटरना साधी चाकोरीसुद्धा नाही. सहा-सव्वासहाला सूर्य मावळणार. त्याच्या आत गाडी जनावरापर्यंत आणायची, ते हौद्यात चढवायचं आणि मांस खराब व्हायच्या आत शेतघराच्या शीतखोलीत पोहोचवायचं. गाडी तिथेच बसली, तर मांस कोल्ह्या-तरसांचं होतं आणि माणसांना रात्र उघड्यावर काढावी लागते. दिवसा अंगातलं जाकीट काढायला लावणाऱ्या त्या मुलखात रात्री पारा शून्याजवळ उतरतो.

या सगळ्यात वेगाचा प्रश्न कुठेच येत नाही. जाहिरातीत गाडी ज्या उड्या मारताना दिसते, त्या उड्यांचाही येत नाही. प्रश्न एवढाच असतो की रोज सकाळी ती सुरू होईल का, ओझं घेऊन परत येईल का, आणि मोडली तर कोण, कशाने आणि किती वेळात दुरुस्त करील. शिकारीसाठी भरवशाची गाडी निवडणं म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरं शोधणं. त्यातला तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गाडी घेताना नेमका तोच विचारायचा राहून जातो.

नामिबिया हे उदाहरण घेण्याला कारण आहे. सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा देश आणि लोकसंख्या जेमतेम तीस लाख. रस्त्यांचं जाळं मोठं, पण बहुतेक रस्ते खडीचे. शिकार तिथे कायदेशीर आहे. खाजगी शेतांवर परवान्याने चालते आणि 1996 च्या कायद्यानंतर गावकऱ्यांच्या सामुदायिक संवर्धनक्षेत्रांतही चालते. तिथे शिकाऱ्याने मोजलेले पैसे आणि जनावराचं मांस यांत गावाचा वाटा असतो. परदेशी शिकाऱ्यांचा मोसम फेब्रुवारीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा परवानाही इतिहासजमा झाला. म्हणून हे प्रकरण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचं आहे. तिथे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला सगळे ‘बक्की’ म्हणतात, आणि शिकारीची गाडी म्हणजे जवळजवळ नेहमी बक्कीच.

बक्क्यांच्या या दुनियेत एक नाव सगळ्यांच्या आधी येतं: टोयोटा लँड क्रूझर 79. लँड क्रूझरचं घराणं 1951 च्या ‘टोयोटा बीजे’पासून सुरू होतं. त्या वर्षी तिच्या चाचणीचालकाने ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवली होती. सत्तरची मालिका 1984 ची, आणि 79 ही बक्की त्याच मालिकेतली, 1999 पासूनची. चौकोनी तोंड, शिडीसारखी जाड चासी, मागे पाटे, पुढे-मागे सलग लोखंडी अॅक्सल. आजच्या गाड्यांच्या मानाने ती जुनाट दिसते आणि चालवायलाही जुनाटच आहे. वळायला जागा फार लागते आणि मोकळी असताना मागून उडते. तरीही विंडहुकपासून कालाहारीच्या कडेपर्यंत शेतकरी तिच्यासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवतात.

याचं कारण तिच्या 4.2 लिटरच्या सहा सिलिंडरी डिझेल इंजिनात आहे. 1990 साली आलेल्या या इंजिनाला टर्बो नाही आणि इंधन सोडायला संगणकही नाही. ताकद साधारण 130 हॉर्सपॉवर, आजच्या मध्यम मोटारीएवढीच. पण ओढ 285 न्यूटन मीटर, आणि तीही कमी फेऱ्यांवर मिळते. लो गिअरमध्ये क्लच सोडून पाय बाजूला घेतला, तरी गाडी माणसाच्या चालीने दगडांवरून सरकत राहते. माग काढणारा पुढे चालत असताना त्याच्या मागे तासभर याच चालीने जावं लागतं. तिथे दोनशे घोडे असून उपयोग नाही. डिझेलचा पंप यांत्रिक असल्यामुळे इंधनात थोडा कचरा, थोडा जास्त गंधक असला तरी हे इंजिन खपवून घेतं. नव्या कॉमन रेल इंजिनाचे नॉझल इतके बारीक असतात की पिंपातून हातपंपाने भरलेलं पाणीमिश्रित डिझेल त्यांना एका टाकीत निकामी करू शकतं. जुन्या इंजिनालाही एक पथ्य आहे: टायमिंग बेल्ट. ठरलेल्या किलोमीटरला तो बदललाच पाहिजे. तो तुटला तर बाकीचा सगळा दणकटपणा वाया जातो.

आता त्याच गाडीत 2.8 लिटरचं चार सिलिंडरी टर्बो इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळतं. ओढ 500 न्यूटन मीटर, डिझेलही कमी पितं. वाळूच्या टेकड्या चढायला ते जुन्यापेक्षा सरस आहे यात शंका नाही. ज्याच्या शेतापासून शहर दोन तासांवर आहे, त्याने नवंच घ्यावं. पण शहर दोन दिवसांवर असेल, तर माझं मत अजून जुन्या इंजिनाच्या बाजूला झुकतं. सेन्सरने चुकीचा इशारा दिला की नवं इंजिन स्वतःला जपण्यासाठी ताकद कापतं, आणि तो इशारा वाचायला यंत्र लागतं. जुन्या इंजिनाचं दुखणं कानाला आणि नाकाला कळतं.

लँड क्रूझर ही सगळ्यांच्या खिशाला परवडणारी गाडी नाही, आणि तिच्याशिवाय अडतं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत टोयोटा हायलक्स डर्बनला बनते, फोर्ड रेंजर प्रिटोरियाच्या सिल्व्हरटनमध्ये, इसुझू डी-मॅक्स गकेबेऱ्हाला, म्हणजे जुन्या पोर्ट एलिझाबेथला. जी गाडी त्या खंडातच घडते, तिचा क्लच, वॉटर पंप, बेअरिंग, काच, आरसा आडगावच्या दुकानातही मिळतो. भरवसा निम्मा कारखान्यात घडतो आणि निम्मा दुकानदाराच्या फळीवर. जपानमधून आलेली उत्तम गाडी एका ऑइल सीलसाठी तीन आठवडे उभी राहणार असेल, तर गल्लीतली साधी गाडी तिच्यापेक्षा भरवशाची म्हणावी लागेल.

या बाजारात नाशिकचं नावही आहे, आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असावं. महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि तिच्यावर बेतलेली ‘पिक अप’ दक्षिण आफ्रिकेच्या शेतांवर गेली. 2018 पासून डर्बनला तिची जोडणीही होते. किंमत लँड क्रूझरहून बरीच कमी, चासी शिडीची, 2.2 लिटरचं डिझेल इंजिन आणि फोर बाय फोरच्या जोडीला मागच्या डिफरन्शियलला आपोआप लागणारं कुलूप. मेंढपाळ आणि छोटे शेतकरी ती कामाला लावतात. नव्या शिकाऱ्याने फक्त नावाच्या मोहापायी कर्ज काढून जुनी, झिजलेली लँड क्रूझर घेण्यापेक्षा अशी नवी बक्की घेऊन उरलेले पैसे टायरांवर घालावेत, असं मी म्हणेन.

ब्रिटिश लँड रोव्हरचा उल्लेख टाळून आफ्रिकेतल्या गाड्यांविषयी लिहिता येत नाही. 1948 साली ती आली तेव्हा युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाला रेशन होतं, म्हणून अंगाला अॅल्युमिनियम लावलं गेलं. आफ्रिकेतली सर्वेक्षणं, मोहिमा, शिकारी तळ यांचा मोठा काळ तिने ओढून नेला. जुनी डिफेंडर 29 जानेवारी 2016 रोजी बंद झाली. नव्या डिफेंडरला वेगळी चासीच नाही. दगडधोंड्यांतून जाण्याचं तिचं कसब थक्क करणारं आहे, पण हवेवर चालणारं सस्पेन्शन आणि ठायी ठायी इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीच्या पाठीवर मेलेलं जनावर टाकून ती रानात राबवणारा शिकारी विरळाच.

गाडी निवडताना लोक हॉर्सपॉवर विचारतात, जमिनीपासूनची उंची विचारतात. वजनाचा हिशेब मात्र कोणी कागदावर मांडत नाही. तो मांडूनच पाहू. एका केबिनच्या मोठ्या बक्कीला साधारण 1100 किलो ओझं चालतं असं धरा. मागच्या लोखंडी चौकटीला आणि उंच आसनांना 200 किलो गेले. पुढचा पोलादी बंपर आणि विंच 100. जादा स्टेपनी 40. पिण्याचं पाणी 60 लिटर, म्हणजे 60 किलो. हत्यारं, जॅक, दुसरी बॅटरी, फ्रीज मिळून 100. टाकीतलं 130 लिटर डिझेल 110 किलोच्या आसपास. झाले 610. आता पाच माणसं, प्रत्येकी 80 किलो: 400. बेरीज 1010. उरले 90 किलो, आणि कुडू 240 किलोचा! सावज हौद्यात पडलं की गाडी मर्यादेपलीकडे दीडशे किलो गेलेली असते. एलंड जातीच्या हरणाचा मोठा नर असेल तर तो एकटाच सहा-सातशे किलो भरतो. हायलक्ससारख्या दोन केबिनच्या गाडीत हा हिशेब आणखी तंग होतो.

जास्त ओझ्याने गाडी लगेच मोडत नाही, म्हणून फसगत होते. महिनोन्‌महिने काही होत नाही. मग एके दिवशी मागच्या पाट्याच्या हँगरपाशी चासीला केसाएवढी चीर जाते आणि पुढच्या खड्ड्यात ती उघडते. त्यामुळे जाणते लोक आधी सामान कमी करतात. छतावरचा तंबू, दुसरा जेरीकॅन, शोभेचे दिवे उतरवले जातात. सावज मोठं असेल तर माणसं पायी येतात किंवा गाडी दुसरी खेप करते. पाटे आणखी जाड करून प्रश्न सुटत नाही, कारण गाडीचं मंजूर वजन एकट्या पाट्यांवर ठरत नाही. चासी, अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक हे सगळे त्यात येतात. तरी पाट्यांची एक मोठी जमेची बाजू आहे. एखादं पान तुटलं तर लाकडाचा ठोकळा आणि तारेचे वेढे देऊन गाडी हळूहळू घरी आणता येते. हवेच्या सस्पेन्शनची पिशवी फाटल्यावर असला कोणताही उपाय रानात चालत नाही.

हलकेपणाची किंमत आपल्याकडच्या जंगलांनी चांगली ओळखली आहे. 1985 साली आलेली मारुती जिप्सी एक टनाच्या आसपासची. तिचं इंजिन लहान, आराम नावाला. पण ताडोब्याच्या कच्च्या वाटांवर ती वर्षानुवर्षं धावली, आणि सामान्य ग्राहकांसाठी 2019 मध्ये बंद झाल्यावरही सफारीवाल्यांना तिचा तोडीचा पर्याय लवकर सापडला नाही. रुतली तर चार माणसं ढकलून बाहेर काढतात. अडीच टनांची सुसज्ज गाडी रुतली, तर तिला काढायला दुसरी तशीच गाडी लागते. कुडू वाहायला जिप्सी अपुरी आहे, पण ज्याला फक्त माणसं आणि कॅमेरे न्यायचे आहेत, त्याने जड गाडीच्या मागे लागण्याचं कारण नाही.

फोर बाय फोरबद्दल थोडक्यात. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला जमिनीची पकड नाही, त्याच्याकडेच ताकद निघून जाते. एक मागचं आणि एक पुढचं चाक हवेत गेलं की फोर बाय फोर गाडीसुद्धा जागच्या जागी अडकते. डिफरन्शियलचं कुलूप लावलं की दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात. मागच्या अॅक्सलला कुलूप असलंच पाहिजे, पुढचं असलं तर उत्तम. लो रेंज आणि मागचं कुलूप या दोन गोष्टींनी शिकारी शेतावरचं बहुतेक काम निभतं. गाडी रुतण्याच्या आधी कुलूप लावायचं असतं, नंतर नव्हे. आणि घट्ट डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर काढून टाकायचं, नाहीतर पुढच्या-मागच्या अॅक्सलांत ताण साठून गिअर मोडतात.

टायरांवर मात्र थांबायला हवं, कारण रानात अडकलेल्या दहा गाड्यांची चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी गोष्ट टायरांशीच येऊन ठेपेल.

कालाहारीच्या बाजूला तांबडी, मऊ, खोल वाळू आहे. तिथे सगळं हवेवर आहे. डांबरावर 33-35 पौंड हवा ठेवलेली गाडी वाळूत शिरली की चाकं खणायला लागतात आणि चालक आणखी जोर देतो. जोर दिल्याने ती अॅक्सलपर्यंत बसते. तीच हवा 15-16 पौंडांवर आणली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जमिनीवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवरून चालते. हे काम करायला दहा मिनिटं लागतात, पण अननुभवी माणूस ती दहा मिनिटं वाचवतो आणि दोन तास फावडं मारतो. 79 ची एक खोड इथेच त्रास देते. 2007 नंतरच्या मॉडेलांत पुढच्या चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा सुमारे साडेनऊ सेंटिमीटर जास्त आहे. पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत मागची चाकं बसत नाहीत, त्यांना आपली वाट नव्याने दाबावी लागते. वाळूच्या शेतांवरचे लोक मागचा अॅक्सल रुंद करून घेतात, त्याचं कारण हेच.

उत्तरेकडे आणि वायव्येकडे गेलं की वाळूऐवजी धारदार दगड आणि मोपानीच्या झाडांचे खुंट येतात. कापून किंवा जळून राहिलेला मोपानीचा खुंट लोखंडाइतका टणक होतो आणि गवतात दिसत नाही. त्यात बाभळीच्या जातीच्या झाडांचे बोटभर काटे. आता अडचण अशी की वाळूसाठी हवा कमी केली, तर टायरची बाजू बाहेर फुगते आणि खुंट नेमका तिथे लागतो. तळव्याला भोक पडलं तर रबरी वात खुपसून पाच मिनिटांत गाडी पुढे जाते. बाजू फाटली तर तो टायर संपला. म्हणून दगडांच्या मुलखात हवा 24-26 पौंडांच्या खाली आणू नये, आणि वाळू लागली तर तिच्यापुरती उतरवून लगेच परत भरावी. त्यासाठी पंप आणि दाबमापक गाडीत पक्के बसवलेले हवेत. दोन स्टेपन्या हव्यात, त्या गाडीच्या चाकांच्याच मापाच्या. रुंद, चकचकीत अलॉयच्या चाकांपेक्षा सोळा इंची लोखंडी चाकं आणि जाड बाजूचे, अरुंद, उंच टायर घ्यावेत. लोखंडी कड वाकली तर हातोड्याने सरळ होते, अलॉय तडकतं. टायर निवडताना त्याच्या नक्षीपेक्षा बाजूचे थर किती आहेत, ते पाहावं. आणि तो आकार जवळच्या गावात मिळतो का, तेही.

दुसरा धोका बाहेरून आलेल्या माणसाला सुचतही नाही, तो गवताचा. पाऊस जानेवारीपासून एप्रिलपर्यंत होतो आणि मे-जूनला ते सगळं गवत पिवळं, कंबरेएवढं उभं असतं. शेतातल्या जुन्या चाकोरीच्या दोन पट्ट्यांमध्ये उंच गवताची सरी वाढलेली असते. गाडी तिच्यावरून जाते तेव्हा दोन गोष्टी होतात. गवताचं बी उडून रेडिएटरच्या जाळीत बसतं. तासाभरात ती जाळी राखाडी लोकरीने भरल्यासारखी दिसते, हवा बंद होते आणि थंडीच्या दिवसातही काटा लालमध्ये जातो. यावर उपाय स्वस्त आहे. बंपरच्या पुढे बारीक छिद्रांची कापडी जाळी ताणून बांधायची आणि दर तासाला हाताने झाडायची. ज्याने ती बांधलेली नाही, तो रेडिएटर आतून पाण्याच्या फवाऱ्याने धुताना दिसतो.

दुसरी गोष्ट जास्त भयंकर. तुटलेल्या काड्या गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या वर आणि गिअरबॉक्सच्या पत्र्यामागे साठतात. नव्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी गाळणारा फिल्टर असतो. तो साफ होताना स्वतःला सहाशे अंशांच्या आसपास तापवतो. त्यावर वाळलेलं गवत बसलेलं असलं, की पेट घ्यायला वेळ लागत नाही. गाडी जळते, रान जळतं, वाऱ्याचा दिवस असेल तर शेजारचं कुरणही जळतं. त्यामुळे गवताळ चाकोरीतून जाताना दर काही किलोमीटरला थांबावं, खाली वाकून पाहावं आणि वाकवलेल्या तारेने साठलेलं गवत ओढून काढावं. गाडीत अग्निशामक ठेवावा आणि तो चालकाच्या हाताशी असावा, हौद्यातल्या पेट्यांखाली नको. फिल्टर नसलेली जुनी इंजिनं अजून मागितली जातात, त्यामागचं हे एक सरळ कारण आहे.

रस्त्यांची कथा तुलनेने साधी. खडीच्या रस्त्यावर चाकांच्या माराने आडव्या लाटा पडतात आणि रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. शॉक अॅब्सॉर्बर तापून तेल सोडतात, नटबोल्ट सुटतात, बॅटरीचे पाय तुटतात. ऐंशीच्या वर वेग नेऊ नये आणि रोज संध्याकाळी पाना घेऊन एक फेरी मारावी. धुळीसाठी स्नॉर्केल लावतात, ते पाण्यापेक्षा स्वच्छ हवेसाठी, कारण छताच्या उंचीवर धूळ विरळ असते. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर असेल, तर महागातला फिल्टर लावूनही बारीक वाळू सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिनाची झीज सुरू होते.

हौद्याची बांधणी शेतावरच्या कामाला शोभेल अशी हवी. मागच्या फळीला खाली उघडता येणारं दार, पुढे केबिनच्या मागे विंच किंवा हाताने फिरवायची चरखी, आणि तिचा दोर सावजाला थेट फळीवरून ओढून आणेल अशी गुळगुळीत घसरपट्टी. फळीला रबर लावतात, कारण लोखंडावर लोखंड आपटलं तर एका दरीपलीकडचे कान टवकारतात. रक्त धुवून काढायला हौद्याला भोकं असावीत. बंदुकीची जागा केबिनच्या मागच्या रॅकमध्ये, आणि गाडी चालत असताना नळीत गोळी नसावी, हा नियम कोणाच्या शिकवणीवर सोडून चालत नाही. उंच आसनांच्या पायाशी पकडायला दांडी असावी. काट्यांच्या फांद्या डोक्यावरून सपकन जातात तेव्हा डोळे सांभाळायचे असतात.

जुनी गाडी घेणाऱ्याने तिच्या रंगाकडे पाहू नये. आडवं झोपून मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी, स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास आणि जिथे जिथे वेल्डिंगचा नवा ओघळ दिसतो, तिथे चासी पाहावी. पुढच्या चाकांच्या हबमधून ग्रीस ओघळत असेल तर सील आणि बेअरिंगचा खर्च आधीच धरून ठेवावा. डिफरन्शियलचं झाकण उघडल्यावर तेल दुधाळ निघालं, तर त्यात पाणी शिरलेलं आहे. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावर उघडावं, गंजलेलं तांबडं पाणी दिसलं की दुसरी गाडी पाहावी. लो रेंज आणि डिफरन्शियलचं कुलूप विकणाऱ्याच्या समोर मोकळ्या मैदानात लावून पाहावं. वर्षानुवर्षं न वापरल्याने ते चिकटलेलं असतं, आणि नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

गाडीने शिकार सोपी केली, आणि सोपी शिकार कुठे नेते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपा बाजारात आल्या, 1947 पासून मुंबईत महिंद्राने विलिस जीपची जोडणी सुरू केली आणि रात्रीच्या दिव्याच्या झोतात शिकार करण्याची सवय वाढली. भारतातले नोंद झालेले शेवटचे तीन चित्ते 1947 सालच्या शेवटी कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री गाडीतून जाताना मारले. 1952 मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं मान्य झालं. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये आणले गेले. अमेरिकेच्या अनेक राज्यांत चालत्या गाडीतून गोळी झाडणं गुन्हा आहे, आणि नामिबियातले अनुभवी शिकारी व्यावसायिकही सावजाच्या मागे पायी जाण्याचाच आग्रह धरतात. माझं मतही तेच आहे. बक्की माणसांना रानाच्या कडेपर्यंत नेते आणि सावजाला घरी आणते. मधलं चालणं माणसाने करायचं असतं. गाडी जर हे चालणं खाऊन टाकत असेल, तर त्या शिकारीत शिकाऱ्याचं काही नसतं, आणि तिथल्या रानाचं तर मुळीच भलं नसतं.

यातून मराठी वाचकाला काय उपयोगी पडेल, तर निवडीची रीत. नामिबियात भाड्याने गाडी घेऊन फिरणारा असो, ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला कोणी शेजाऱ्यांबरोबर मोसमात रानात जाणारा असो, किंवा इथेच वन्यजीवांचं छायाचित्रण करणारा असो, सगळ्यांनी गाडीच्या शोरूममध्ये जाण्याआधी त्या भागातल्या सर्वांत लहान गॅरेजात जावं. तिथल्या मिस्त्रीला विचारावं की गेल्या वर्षभरात कोणत्या गाड्या आल्या, कशासाठी आल्या आणि किती दिवस उभ्या राहिल्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून घ्यावं. मग गाडीचं ओझ्याचं प्रमाणपत्र मागावं, आपलं सामान आणि माणसं कागदावर मोजावीत आणि गाडी घ्यावी.